जागा आहे का?

शिर्डीत द्वारकामाईपासून काही पावलांवर चावडी आहे. आज तिथे दर्शनाची रांग लागते आणि गुरुवारी रात्री पालखी येते. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ती कुठल्याही खेड्यात असते तशी साधी चावडी होती. गावाचा कारभार तिथे चाले, सरकारी माणूस आला की तिथेच उतरे, आणि रात्र पडलेला वाटसरूही तिथेच पथारी पसरी. साईबाबा एक रात्र पडक्या मशिदीत आणि एक रात्र या चावडीत झोपत. डिसेंबर १९०९ पासून भक्तांनी चावडीत नेमाने आरती सुरू केली, आणि एकाआड एक रात्रीचा हा क्रम १९१८ च्या दसऱ्याला बाबांनी देह ठेवेपर्यंत चालू राहिला. ज्या फकिराला स्वतःचे घर नव्हते त्याला गावाने निजायला दोन जागा दिल्या होत्या. एक देवाची होती, एक सरकारची.

नगर जिल्ह्यातल्या निवाऱ्याची गोष्ट चावडीपासून सुरू करावी लागते, कारण परक्या माणसाने गावात शिरताना विचारायचा प्रश्न तिथेच पहिल्यांदा विचारला जाई : जागा आहे का? प्रश्न तीन शब्दांचा आहे, पण त्याचे उत्तर द्यायचे तर कुणीतरी आधी मोजून ठेवलेले असावे लागते. किती माणसे आत आहेत, किती मावतील, कोण उद्या निघणार, कोण आजारी आहे, हे सगळे त्यात येते. या जिल्ह्यात गेल्या दीडशे वर्षांत अशी मोजणी पुष्कळ झाली. दुष्काळात झाली, साखर कारखान्यांच्या फडात झाली, भिक्षेकरीगृहात झाली, गुरांच्या छावणीत झाली, कोविडच्या साथीत झाली. एक साथीचा काळ सोडला तर तो आकडा नेहमी वरच्यांकडे गेला. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर तो सहसा आला नाही.

जुन्या गावगाड्यात ही मोजणी वेशीवर होई. वेसकराचे काम रात्रंदिवस वेशीत बसण्याचे. गावात कोण आले, कोण गेले, कोण अनोळखी माणूस कुणाच्या ओसरीवर उतरला, ही खबर त्याने पाटलाला द्यायची. कागद नव्हता, सगळी नोंद वेसकराच्या डोक्यात. तिचा मुख्य हेतू चोरी-दरोड्याचा माग लागावा हा होता, पण तिच्यामुळे गावाला आपल्याकडे आज किती परकी माणसे मुक्कामाला आहेत हे ठाऊक असे. हे काम वतनाने महारांकडे होते. आणि ज्याने ही मोजणी ठेवायची त्यालाच चावडीच्या आत बसायची मुभा नव्हती. त्याच्या जातीच्या वाटसरूला महारवाड्यातल्या तक्क्यात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या चावडीत, उतरावे लागे. चावडीत जागा रिकामी असे, पण ती सगळ्यांसाठी रिकामी नसे. निवाऱ्याचा कुठलाही हिशेब मांडताना हे लक्षात ठेवायला हवे, कारण शिल्लक जागा आणि मिळू शकणारी जागा या दोन गोष्टी तेव्हाही वेगळ्या होत्या.

पंढरीच्या वाटेवरही तेच होते. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली ती एवढ्याचसाठी, की बाकीच्या धर्मशाळांमध्ये कोपरे मोकळे असूनही अस्पृश्य वारकऱ्यांना ते मिळत नसत. १९४९ मध्ये ती धर्मशाळा बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

ज्यांच्या नावावरून जिल्ह्याला २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळाले त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म याच जिल्ह्यातला. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत ३१ मे १७२५ रोजी त्या जन्मल्या. काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर अशा दूरदूरच्या क्षेत्रांत त्यांनी मंदिरे, घाट, विहिरी, अन्नछत्रे आणि धर्मशाळा बांधल्या. हा खर्च दौलतीच्या तिजोरीतून होत नसे, खासगीच्या उत्पन्नातून होई. बांधून मोकळे व्हायचे नाही, पुढे ते चालायचीही तजवीज करायची, ही त्यामागची दृष्टी. त्या काळच्या धर्मशाळेत खाटा नसत. जागा ओवऱ्यांनी आणि खणांनी मोजायची. दोन खांबांमधला एक खण म्हणजे एका कुटुंबाचे बिऱ्हाड. बहुतेक धर्मशाळांत तीन दिवसांचा मुक्काम हा रिवाज असे. हा नियम कुणाला हाकलण्यासाठी नव्हता. चौथ्या दिवशी ओवरी मोकळी होणार हे माहीत असल्यामुळे येणाऱ्याला आशा धरता येई. जागा कधी रिकामी होईल हे सांगण्याची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी रीत म्हणायला हवी.

इंग्रजी अंमलात रस्त्यांवर मुसाफरी बंगले आले. तिथे टेबलावर नोंदवही असे. साहेबाने नाव लिहायचे, आल्याची तारीख-वेळ लिहायची, भाडे भरायचे, जाताना शेरा द्यायचा. नियम असा की चोवीस तास झालेल्याने नव्या प्रवाशासाठी खोली सोडायची. पायी चालणाऱ्या रयतेसाठी मात्र बाहेर झाडाखालची जागा होती, आणि तिची वही नव्हती.

मग १८७६ चा दुष्काळ आला. दख्खनच्या पठारावर पाऊस गेला आणि नगर, सोलापूर, पुणे या भागांतली खेडी ओस पडू लागली. पोटासाठी बाहेर पडलेल्या या माणसांना सरकारने दुष्काळी कामांवर घेतले. दौंड ते मनमाड हा सुमारे दीडशे मैलांचा लोहमार्ग अशाच कामांपैकी एक. नगरहून जाणारी ही लाइन १८७८ मध्ये सुरू झाली. आज नगर स्थानकाच्या फलाटावर रात्री अंग टाकणारा माणूस ज्या रुळांच्या कडेला झोपतो, ते रूळ त्याच्यासारख्याच बेघर झालेल्या माणसांच्या हातांनी अंथरले गेले होते.

त्या दुष्काळात माणसे मोजण्याचे सरकारी शास्त्र तयार झाले. कामावर किती, त्यांच्यावर अवलंबून किती, काम न करता मदत घेणारे किती, असे रकाने आखले गेले. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल दुष्काळाची पाहणी करायला आले आणि कामावरच्या माणसाचा शिधा कमी करून दिवसाला एक पौंड धान्यावर आणला. थोडे पैसे वर. एवढ्यावर दगड फोडून जगायचे होते. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही कामे सोडून निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी उर्फ सार्वजनिक काका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावोगावची माहिती गोळा केली आणि सरकारच्या आकड्यांसमोर आपले दुष्काळी वृत्तांत ठेवले. उपाशी माणसांच्या बाजूने, त्यांच्यासाठी केलेली मोजणी म्हणून या वृत्तांतांचे महत्त्व फार मोठे आहे.

पुढे दुष्काळ संहिता झाली. ज्यांना काम झेपत नाही, जे भटकत आले आहेत, आजारी आहेत, लहान आहेत, त्यांच्यासाठी तिने गरीबखान्यांची तरतूद केली. तिथे रोजची नोंद सक्तीची होती. किती दाखल, किती सोडले, किती मेले. हे आकडे तालुक्याहून कलेक्टरकडे, कलेक्टरकडून मुंबईला, आणि तिथून कलकत्त्याला जात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत व्हाइसरॉयची तार दर आठवड्याला लंडनला पोचे आणि साऱ्या देशात मदतीवर किती लाख माणसे आहेत ते वर्तमानपत्रांत छापून येई. १९०० च्या जुलैत हा आकडा साठ लाखांवर गेला होता. जामखेडच्या एखाद्या वाडीत जनावर मेलेल्या, घरातली भांडी विकून निघालेल्या बाईला मात्र सर्वांत जवळच्या गरीबखान्यात आज आपल्या पोरांना घेतील की नाही हे कळायला काहीच साधन नव्हते. लंडनला कळत होते ते तिला कळत नव्हते. चालत जायचे, आणि फाटक बंद मिळाले तर पुढे चालायचे.

१९०१ च्या शिरगणतीत नगर जिल्ह्याची लोकसंख्या ८,३७,६९५ भरली. आधीच्या दहा वर्षांत ती सुमारे सहा टक्क्यांनी घटली होती.

त्या काळात निवाऱ्याचे मोठे काम नगरच्या अमेरिकन मराठी मिशनने केले. मिशन १८३१ पासून शहरात होते. १९०० च्या दुष्काळात रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईबाप गेलेल्या मुलांना सांभाळले. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ साप्ताहिकाने अमेरिकेत त्यासाठी वर्गणी गोळा केली. ह्यूम यांना १९०१ मध्ये कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. या कामामागे धर्मप्रसाराचा हेतू होता आणि त्यावर तेव्हाही वाद झाले. मुले जगली, हे त्याच्या बरोबरीने सांगायला हवे.

विसाव्या शतकात जिल्ह्यात निवाऱ्याच्या कितीतरी तऱ्हा उगवल्या. शिर्डीत हरी विनायक साठे यांनी वाडा बांधला तो बाहेरगावच्या भक्तांची उतरण्याची पहिली मोठी सोय ठरला. मागोमाग १९१०-११ मध्ये काकासाहेब दीक्षितांचा वाडा उभा राहिला. तोवर येणारा भक्त गावातल्या कुणाच्या तरी ओसरीवर पडे. आता साईबाबा संस्थानाच्या भक्तनिवासांतली खोली घरबसल्या संगणकावर बघून राखून ठेवता येते. कुठल्या इमारतीत, कुठल्या तारखेला, किती खोल्या शिल्लक आहेत, हे चेन्नईत बसलेल्या कुटुंबाला कळते. शिर्डीच्या रस्त्यावर झोपणाऱ्याला त्याच गावात आज कुठे पाठ टेकता येईल ते कळत नाही. तंत्र तेच आहे. ते कुणासाठी वापरायचे, एवढाच फरक आहे.

राहुरीत १९३६-३७ मध्ये मेहेरबाबांनी वेड्यांसाठी आणि ‘मस्त’, म्हणजे ईश्वरवेड्या, फकिरांसाठी आश्रम चालवला. रस्त्यावर फिरणाऱ्या, कुणी जवळ न करणाऱ्या माणसांना तिथे आणून बाबा स्वतः अंघोळ घालत, जेवू घालत. त्यांचे इंग्रज डॉक्टर अनुयायी विल्यम डॉन्किन यांनी पुढे १९४८ मध्ये ‘द वेफेअरर्स’ या ग्रंथात या आणि अशा इतर आश्रमांचा तपशील नोंदवला. कुठल्या गावातून कोण आले, कसे दिसत, काय बोलत, असे एकेका माणसाबद्दल त्यात लिहिले आहे. गरीबखान्याच्या वहीत माणूस एका रकान्यातला एक आकडा होता. डॉन्किनच्या वहीत तो एक माणूस आहे.

साखरेने आणखी वेगळी मोजणी आणली. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने १९५० मध्ये प्रवरा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि जिल्हाभर धुराडी उभी राहिली. दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. कारखान्याच्या आवारात किंवा फडाच्या कडेला पाचटाच्या आणि चटयांच्या कोप्या उभ्या राहतात. पाच-सहा महिने तेच घर. मुकादमाच्या वहीत या माणसांची गणती ‘कोयत्यां’नी होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. वहीत दोन माणसांचा एक आकडा होतो, आणि त्यांच्याबरोबर कोपीत झोपणारी पोरे त्या आकड्यात धरली जात नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सरकारने कारखान्यांना सांगितले की मजुरांना आहेत तिथेच राहण्या-जेवण्याची सोय करा. एप्रिलच्या मध्यात त्यांना गावी जायला परवानगी मिळाली. तेव्हा माणसांच्या आणि मुलांच्या याद्या नावानिशी कराव्या लागल्या, कारण कोयत्यांच्या हिशेबावर प्रवासाचा परवाना निघत नव्हता.

या साऱ्या प्रवासात विसापूर हे गाव पुन्हापुन्हा भेटते. श्रीगोंदा तालुक्यातले हे गाव दुष्काळी लोहमार्गावरचे स्थानक आहे. सविनय कायदेभंगाच्या काळात इथे सत्याग्रह्यांना ठेवण्याचा तुरुंग होता. आणि इथेच सरकारी भिक्षेकरीगृह आहे.

भिक्षेकरीगृह हा निवाऱ्याचा प्रकार आहे की तुरुंगाचा, याचे उत्तर कायद्यातच आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा १९५९ चा. भीक मागताना पकडलेल्या माणसाला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करायचे आणि त्याला पहिल्या खेपेला कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षे अशा गृहात ठेवायचे, अशी त्यात तरतूद आहे. कायद्याची व्याख्याही फार रुंद आहे. उपजीविकेचे दिसणारे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही तिच्यात बसू शकतो. म्हणजे बेघर असणे आणि भिकारी असणे यांतली रेघ पकडणाऱ्याच्या नजरेवर राहते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्याची मुख्य कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात कायदा चालूच राहिला.

अशा गृहात माणसे मोजली जातात, रोज मोजली जातात. पण ती हजेरी कुणी पळाले नाही ना हे बघण्यासाठी असते. एप्रिल २०२५ मध्ये शिर्डीत मोहीम काढून भिक्षेकरी पकडण्यात आले आणि त्यांना शंभरावर किलोमीटर दूर विसापूरला पाठवण्यात आले. त्यांतल्या काहींची प्रकृती बिघडली म्हणून त्यांना नगरच्या जिल्हा रुग्णालयात हलवले गेले. तिथे चौघांचा मृत्यू झाला. नातेवाइकांनी हलगर्जीचे आरोप केले, चौकशीची मागणी झाली, काही दिवस बातम्या आल्या. त्या मोहिमेत प्रत्येकाची नोंद झालेली होती. त्यांच्यातला कोण अशक्त आहे, कुणाला गृहाआधी दवाखान्यातली खाट हवी आहे, या नोंदीचा मान गणतीच्या नोंदीपेक्षा मोठा असायला हवा. चार माणसे गेल्यावर तरी ही गोष्ट कुणी विसरू नये.

शहरी बेघरांना निवारा मिळणे हा त्यांचा हक्क आहे, ही भाषा आपल्याकडे अलीकडची आहे. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत एक तात्पुरता निवारा पाडला गेला, आणि जानेवारी २०१० मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली. पुढे मोठ्या शहरांनी दर एक लाख वस्तीमागे एक चोवीस तास उघडा निवारा ठेवावा, हे माप ठरले. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आले. त्यात माणशी किमान ५० चौरस फूट जागा, निवाऱ्यात पन्नास ते शंभर माणसांची सोय, स्वयंपाकघर, पाणी, संडास, सामान ठेवायला कपाट आणि पाळीपाळीने काळजीवाहक अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली गेली. २०१६ मध्ये न्यायालयाने न्यायमूर्ती कैलास गंभीर यांची समिती नेमली. निधी पडून आहे आणि निवारे अपुरे आहेत, हेच चित्र तिच्यापुढे आले.

२०११ च्या जनगणनेत बेघर माणसे एकाच रात्री मोजली गेली. २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक फलाटांवर, पुलांखाली, देवळांच्या पायऱ्यांवर फिरले. देशात १७.७ लाखांवर आणि महाराष्ट्रात २.१ लाखांवर माणसे बेघर निघाली. राज्यांत महाराष्ट्राचा क्रम उत्तर प्रदेशानंतर दुसरा होता. त्याच जनगणनेत नगर महापालिकेची वस्ती ३,५०,८५९ भरली. लाखामागे एक या मापाने शहराला किमान तीन निवारे हवेत. निदान इतके गणित तरी कुणालाही करता येते.

मात्र इमारत झाली म्हणजे जागा मिळाली असे होत नाही. निवाऱ्यातली नोंदवही जवळून पाहिली की हे कळते. वहीत अनुक्रमांक, नाव, वय, मूळ गाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि शेवटी सही किंवा अंगठा असे रकाने असतात. समजा क्षमता पन्नास आहे आणि रात्री नऊ वाजता पस्तीस अंगठे उमटले आहेत. कागदावर पंधरा जागा शिल्लक. पण त्यांतल्या चार खाटा मार्केट यार्डात रात्री हमाली करणाऱ्यांच्या आहेत. त्यांची पिशवी खाटेखाली आहे, माणसे पहाटे येतील. दोन खाटा दवाखान्यात भरती झालेल्यांसाठी राखल्या आहेत. उरलेल्यांतल्या सात पुरुषांच्या दालनात आहेत, आणि दारात उभी आहे दोन पोरे घेऊन आलेली बाई. तिच्यासाठी पंधरातल्या दोन जागा आहेत, आणि त्या दोनांत तिघांना झोपायचे आहे. महिनाअखेर वर जाणाऱ्या अहवालात मात्र ‘क्षमता ५०, उपस्थिती ३५’ एवढेच जाईल, आणि तो वाचणारा म्हणेल की निवारा रिकामाच असतो, आणखी कशाला बांधायचा? रिकाम्या जागेचा खरा हिशेब ठेवायचा तर बाई, पुरुष, कुटुंब, आजारी आणि अपंग असे वेगळे रकाने हवेत. राखलेली जागा आणि मोकळी जागा वेगळी हवी. आणि आकडा महिन्याचा नको, त्याच रात्रीचा हवा.

हे अवघड आहे असे म्हणायची सोय जिल्ह्याला उरलेली नाही, कारण जिल्ह्याने ते करून दाखवले आहे. २०१८-१९ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडल्या. अनुदान जनावरामागे होते, म्हणून गैरव्यवहार टाळायला जनावरांना बारकोडचे बिल्ले लावले गेले आणि मोबाइलच्या ॲपवर रोजची हजेरी घेतली गेली. गाईंबरोबर त्यांचे धनीही छावणीत मुक्कामाला आले, तिथेच जेवले, तिथेच झोपले. त्यांचा बिल्ला नव्हता.

मग कोविडची साथ आली. मुंबई महापालिकेने प्रत्येक प्रभागात वॉर रूम उघडली आणि तिथूनच खाट मिळू लागली. पुण्यात विभागीय प्रशासनाच्या फलकावर कुठल्या रुग्णालयात साध्या, ऑक्सिजनच्या आणि व्हेंटिलेटरच्या किती खाटा मोकळ्या आहेत ते दिसू लागले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पारनेर तालुक्यात भाळवणीला तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी अकराशे खाटांचे कोविड केंद्र उभे केले आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून लोक तिकडे धावले. त्या दिवसांत घरोघरी एकच प्रश्न होता : बेड आहे का? पाटलांनी विचारला, प्राध्यापकांनी विचारला, व्यापाऱ्यांनी विचारला. सगळ्यांना विचारावा लागला म्हणून त्याचे उत्तर देणारी यंत्रणा काही आठवड्यांत उभी राहिली. ती पूर्ण नव्हती, आकडे कधी शिळे असत, फोन लागत नसत. पण दारात उभ्या असलेल्या माणसासाठी मोजणी करायची असते, हे सरकारला तेव्हा पटले होते.

जगात काही शहरांनी हे बेघरांसाठी केले आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८१ च्या न्यायालयीन करारानुसार मागेल त्याला निवारा देणे शहरावर बंधनकारक झाले. आज तिथे निवाऱ्यांत किती माणसे आहेत याचा आकडा रोज जाहीर होतो. दिल्लीच्या निवारा मंडळाने रैन बसेऱ्यांची क्षमता आणि रात्रीची उपस्थिती संकेतस्थळावर द्यायला सुरुवात केली. रस्त्यावर झोपलेला कुणी दिसला तर कळवण्यासाठी मोबाइल ॲपही काढले. या व्यवस्थांत उणिवा आहेत, पण निवाऱ्याचा आकडा तिथे लोकांसमोर मांडला जातो.

नगरमध्ये या कामाची खरी परंपरा संस्थांकडे आहे. गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या मित्रांनी १९८९ मध्ये स्नेहालय सुरू केले. देहविक्रीच्या वस्तीतल्या मुलांपासून त्याची सुरुवात झाली. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन स्नेहालयाने नगरमध्ये चालवली. कुठल्याही टपरीवरून फोन करून आपल्याला कुठे जागा मिळेल हे विचारता येईल, असा तो एक क्रमांक. शिंगवे नाईक इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या माउली सेवा प्रतिष्ठानात रस्त्यावरून आणलेल्या, मानसिक आजाराने खचलेल्या शेकडो बायका राहतात. रस्त्यावरच्या बेघरांना डबे पोचवता पोचवता हे काम वाढत गेले. इथली अडचण वेगळी आहे. यांतल्या बहुतेकींना परत न्यायला घर उरलेले नाही किंवा घराने दार लावले आहे. त्यामुळे आलेली बाई राहते आणि खाट मोकळी होत नाही. पुढचा फोन येतो तेव्हा आणखी एक खाट घालायची की नाही म्हणायचे, हाच पर्याय असतो. तीन दिवसांनी ओवरी मोकळी होण्याचा रिवाज प्रवाशासाठी होता. ज्याचा प्रवासच संपला आहे त्याला कायमचे घर लागते, आणि निवाऱ्याच्या हिशेबात अशा घरांचा रकाना आजही नाही.

नगरची थंडी राज्यात नावाजलेली आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा खाली गेला की वर्तमानपत्रांत जिल्ह्याचे नाव येते, आणि माळीवाडा, तारकपूर, पुणे बसस्थानक आणि रेल्वे फलाटावर झोपणाऱ्यांची पांघरुणे त्याच रात्री अपुरी पडतात. या चारही जागी रोज संध्याकाळी सातला एक फळा लावावा. त्यावर शहरातल्या प्रत्येक निवाऱ्याचे नाव, पत्ता आणि फोन लिहावा; बायकांसाठी, पुरुषांसाठी, कुटुंबांसाठी आज किती जागा मोकळ्या आहेत ते खडूने लिहावे; आणि दहाला तो पुसून पुन्हा लिहावा. याला ॲप लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. लागतो तो एक माणूस, एक फोन आणि एक खडू. महापालिकेने हा फळा येत्या थंडीच्या आधी लावावा, आणि नगरकरांनी तो लागेपर्यंत मागणी सोडू नये.